रद्द झालेला सीझन आणि घरी द्यायचं उत्तर

2020 च्या जानेवारीत कर्नाटकातल्या मूडबिद्रीला ऑल इंडिया इंटरयुनिव्हर्सिटीत मी 5000 मीटर 17 मिनिटं 54 सेकंदांत पळाले. नंबर अकरावा आला. फेब्रुवारीच्या शेवटी भुवनेश्वरला पहिल्यांदाच खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स होणार होत्या, त्यांच्या यादीत मी बसले नाही. वाईट वाटलं, पण खचले नाही. मी एस.वाय.ला होते आणि टी.वाय.चा अख्खा सीझन पुढे होता. परतीच्या गाडीत आमच्या कोच सरांनी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडून दिला: लॅपला, म्हणजे 400 मीटरच्या एका फेरीला, 86 सेकंद लागतायत, ते 83 वर आणायचे. तीन सेकंदांसाठी हाताशी अकरा महिने होते.

तो सीझन झालाच नाही.

मार्चच्या मध्यावर कॉलेज बंद झालं आणि होस्टेल रिकामं करायला सांगितलं. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे असं सगळेच म्हणत होते, म्हणून मी स्पाइक्स आणि कपड्यांचे दोन जोड घेऊन साताऱ्याहून दहिवडीची एसटी धरली. रोजचे पळायचे बूट पायात होतेच. बाकी सगळं खोलीत राहिलं, ते पुढे कितीतरी महिन्यांनी हाती आलं. 22 तारखेला जनता कर्फ्यू झाला, 24 ला टोकियोचं ऑलिंपिक पुढे गेल्याची बातमी आली आणि 25 पासून देश बंद. त्या रात्री ग्रुपवर सरांचा आवाज आला, "पोरींनो, ऑलिंपिक थांबलंय. आपणही थांबू. पण पाय थांबवू नका."

पाय चालू ठेवणं एवढं सोपं नव्हतं. गावाच्या वेशीवर काट्या टाकल्या होत्या. मुंबई-पुण्याहून आलेल्यांना शाळेत ठेवलं होतं. सकाळी रस्त्यावर पळताना कुणी दिसलं की लोक दारातून ओरडायचे. मीही साताऱ्याहून आलेली, म्हणून पहिले चौदा दिवस शेजारची पोरं माझ्या अंगणातही येत नव्हती. मी पडवीत दोरीवरच्या उड्या मारायचे, जोत्याच्या पायऱ्या चढायचे-उतरायचे. पंधरा दिवसांत दम कमी झाल्याचं जाणवायला लागलं. लांब पल्ल्याच्या माणसाला हे पहिल्यांदा छातीत कळतं, पायांत नंतर.

पण मला सांगायचंय ते दमाबद्दल नाही.

आमच्या माण तालुक्यात मुलगी पळते म्हणून कुणी हसत नाही. मोहीच्या ललिता बाबर 2016 ला रिओमध्ये स्टीपलचेसच्या फायनलला पळाल्या, तेव्हापासून तर नाहीच. तरी मुलीच्या पळण्याला घरी कारण लागतं. "इंटरझोनल आहे", "विद्यापीठाचा कॅम्प लागलाय", "यंदा कलर मिळेल" (म्हणजे विद्यापीठाच्या संघात निवड होईल), "सर्टिफिकेट मिळालं की खेळाडूंच्या पाच टक्क्यांतून पोलीस भरतीला फायदा होईल". दोन वर्षं मी हीच उत्तरं देत आले होते. मामांनी स्थळ आणलं की आई म्हणायची, "तिचा सीझन होऊ द्या." सीझन हा शब्द आईला माझ्यामुळं कळला आणि तिनं तो ढालीसारखा वापरला. आता सीझनच नाही म्हटल्यावर ढाल गेली. भरती थांबलेली, कॉलेज मोबाईलवर, पुढं काय तर कुणालाच माहीत नाही. आणि लग्नं मात्र पन्नास माणसांत, कमी खर्चात उरकत होती. लेकीच्या बापाला एवढी स्वस्ताई पुन्हा कधी मिळणार, असं माझ्यासमोर बोललं जायचं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मे महिन्यात एकदा जेवताना विचारलं, "आता शर्यतीच नाहीत, तर पळायचं कशाला?"

विचारण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला उत्तर सुचेना. मी म्हणाले, "सवय मोडू नये म्हणून." ते काही बोलले नाहीत.

3 जूनपासून सरकारनं मोकळ्या जागेत पहाटे 5 ते संध्याकाळी 7 व्यायामाला परवानगी दिली. नेमकं त्याच दिवशी कोकणात निसर्ग वादळ आलं, आमच्याकडं नुसता वारा आणि काळे ढग. मी पहाटेच बाहेर पडले आणि डांबरीवरून आठ किलोमीटर पळाले. इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी दहा, तिसऱ्या दिवशी पुन्हा दहा. विश्रांतीचा दिवसच ठेवला नाही. बूट झिजून तळ सपाट झालेला आणि बाजारात जाऊन नवे घ्यायची सोय नाही. जूनच्या अखेरीला डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला बोटभर जागेत असं दुखायला लागलं की दाबलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. सरांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "डांबरी बंद. तीन आठवडे पळणं बंद." दहिवडीला डॉक्टरांनी रक्तही तपासलं, हिमोग्लोबिन 9.4 निघालं. होस्टेलवर मेसच्या जेवणाला अंडी असायची. घरी मी न सांगता भाकरी-कालवणावर आले होते आणि पळत होते मात्र कॅम्पसारखी. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. गोळीबरोबर लिंबू घ्यायचं आणि लगेच चहा प्यायचा नाही, हे मला तेव्हा कळलं. पळणाऱ्या मुलींनी वर्षातून दोनदा तरी रक्त तपासून घ्यावं. ही गोष्ट आम्हाला कुठल्याच कॅम्पमध्ये कुणी सांगितली नव्हती याचं मला आजही वाईट वाटतं.

डांबरी बंद झाली तेव्हा मातीचा विचार सुरू झाला. आमचं विहिरीजवळचं रान अडीच एकर, जवळजवळ चौकोनी. अडीच एकर म्हणजे शंभर गुंठे, आणि चौकोन नीट असेल तर त्याचा वेढा होतो साधारण 400 मीटर, म्हणजे एक लॅप. हे ध्यानात आल्यावर मला झोप येईना. धाकट्या भावाला घेऊन शंभर फुटी टेप लावली. 400 मीटर म्हणजे 1312 फूट, त्यामुळं तेरा टेपा आणि वर बारा फूट. एका बाजूला थोडं आत घ्यावं लागलं. कोपरे काटकोनात सोडले तर वळताना घोटा मुरगळणार, म्हणून चारी कोपऱ्यांना दोरी धरून गोलाई काढली आणि त्यामुळं कमी झालेलं अंतर पुन्हा मोजून विहिरीच्या बाजूला वाढवलं. बांधावर चुन्यानं खुणा केल्या.

हे सगळं नडगी दुखत असताना, नुसतं मोजून ठेवलेलं. तेवढ्यात पाऊस चांगला लागला आणि बाजरीची पेरणी आली. पाभर चालली की माझा ट्रॅक संपणार होता. मी काही बोलले नाही. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या घरात पेरणीच्या वेळी पळण्याचं तोंड काढायचं नसतं.

संध्याकाळी रानात गेले तर अण्णांनी चारी बाजूंनी कडेला चार फूट सोडून आत पेरलं होतं. सोडलेल्या पट्ट्यावरून बैल फिरवून फळी मारली होती, ढेकळं फुटून जमीन सपाट झाली होती. गोलाईलाही त्यांनी तसंच वळवलं होतं, चुन्याच्या खुणा बघून.

मी मनात हिशोब केला. 1312 फूट लांब, चार फूट रुंद, म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. आमच्यासारख्यांना पाच गुंठ्यांची बाजरी सोडून देणं परवडत नाही. घरी कुणी त्याबद्दल एक शब्द बोललं नाही. आईनं रात्री फक्त एवढंच विचारलं, "पाय कधी बरा होतोय?"

जुलैच्या शेवटी मी त्या पट्ट्यावर पहिल्यांदा पळाले. दहा मिनिटं, अगदी हळू. ऑगस्टमध्ये अर्धा तास. बाजरी गुडघ्याला, मग कमरेला, मग डोक्याच्या वर गेली. सप्टेंबरात तर पलीकडच्या बाजूला कोण आहे ते दिसायचं नाही, नुसती कणसं हलायची आणि आपलाच श्वास ऐकू यायचा. पाऊस जास्त झाला की पट्ट्यात चिखल, मग सुट्टी. सरांचा प्लॅन रोज रात्री ग्रुपवर यायचा. सर करारावर होते, त्या काळात त्यांचा पगारही बंद होता हे आम्हाला पुष्कळ नंतर समजलं. तरी एक दिवस प्लॅन चुकला नाही.

ग्रुपवर आम्ही सहा जणी होतो. आम्ही एकमेकींना गावावरूनच हाक मारायचो: पाटण, खटाव, वाई, फलटण, कोरेगाव आणि मी दहिवडी. मूडबिद्रीला माझ्या खोलीत पाटण होती. 10000 ला ती माझ्यापेक्षा कितीतरी सरस. प्लॅन टाकल्यावर सगळ्यात आधी तिचा अंगठा यायचा. ऑगस्टपासून अंगठा उशिरा यायला लागला, मग येईना. गणपतीनंतर तिचा फोन आला. लग्न ठरलं होतं, पुढच्याच आठवड्यात. ती म्हणाली, "अगं, घरी काय सांगू? झोनल कधी विचारतात, मला तारीखच सांगता येत नाही." तिच्याकडं तारीख असती तर ते लग्न त्या वर्षी झालं नसतं, असं मला आजही वाटतं. साथीत कितीतरी माणसं गेली, त्यापुढं एका सीझनचं काय, असं म्हणणारे भेटतात. मला ते दुःख कळतं, आमच्या घरातूनही माणूस गेलंय. पण पाटणचं पळणं गेलं तेही खरंच होतं आणि त्याची कुठंच नोंद झाली नाही.

तिचं लग्न झाल्यावर सर ग्रुपवर म्हणाले की आपणच तारीख ठरवू. ऑक्टोबरातला रविवार, सकाळी साडेसहा, 5000 मीटर, आपापल्या गावात. दोन नियम होते. अंतर टेपनं मोजलेलं हवं, आणि घड्याळ दुसऱ्या माणसाच्या हातात हवं. भाऊ मामाकडं गेला होता. मी अण्णांना विचारलं.

बाजरी निघाली होती, रानात नुसते सड. अण्णा धुतलेला सदरा घालून आले. मोबाईलवरचं घड्याळ कसं लावायचं ते दोनदा विचारून घेतलं. लॅप मोजायला त्यांनी बांधावर खडे मांडून ठेवले होते, मी समोरून गेले की एक उचलून खिशात टाकायचा. साडेबारा लॅप, म्हणून मी पलीकडच्या कोपऱ्यावरून सुरुवात केली.

पहिले सहा लॅप बरे गेले. मग पोट आवळलं. आठव्याला थांबावंसं वाटलं, पण विहिरीपाशी येताना ते दिसायचे, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात खडा, ओठ हलतायत. शेवटचा म्हणून मी जीव तोडून पळाले आणि ओलांडून थांबणार तोच ते ओरडले, "अजून एक!" बांधावर खडा शिल्लक होता. वाद घालायला दम नव्हता. पळाले.

20 मिनिटं 42 सेकंद. आडवी पडले. श्वास आल्यावर खडे मोजले तर ते चौदा होते, एक जास्तीचा. मी म्हणाले, "अण्णा, 5400 झालं." ते म्हणाले, "मुद्दामच ठेवला गं. कमी भरलं असं कुणी म्हणायला नको."

सरांनी हिशोब करून 5000 चे 19:10 लिहिले. पाच जणींत माझा तिसरा नंबर आला. मूडबिद्रीपेक्षा सव्वा मिनिटानं मागं, पण मातीत, चार कोपऱ्यांवर वळत आणि 9.4 वरून सावरताना. त्या दिवसापासून मामांना अण्णाच सांगायला लागले, "तिची महिन्याला परीक्षा असते. मीच घेतो."

29 नोव्हेंबरला दिल्लीची हाफ मॅरेथॉन झाली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 1 तास 30 सेकंदांत पळाला, राष्ट्रीय विक्रम. टीव्हीवर बघताना मी रडले. आनंदानं रडले, आणि दुसऱ्याही कारणानं. निवडक धावपटूंना बबलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांपासून वेगळं, ठेवून शर्यत होऊ शकते हे त्या दिवशी दिसलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये फेडरेशनच्या स्पर्धाही सुरू झाल्या. विद्यापीठांच्या मात्र नाहीत. आमच्यासारख्या कॉलेजच्या मुली रांगेत सगळ्यात शेवटी उभ्या होत्या. कुणीतरी निदान स्पष्ट सांगायला हवं होतं की यंदा नाही. आम्ही एप्रिलपर्यंत वाट बघत राहिलो. मग दुसरी लाट आली. धाकटे चुलते गेले. पट्ट्यावर दीड महिना गवत वाढलं.

टी.वाय.ची परीक्षा मोबाईलवर दिली आणि एम.ए.ला प्रवेश घेतला, खरं सांगायचं तर फक्त पळण्यासाठी. वयाची अट 25 ची, माझी अजून वर्षं शिल्लक होती. 2021 च्या शेवटी विद्यापीठाच्या निवडीची 5000 झाली. छातीवर नंबर लावताना सेफ्टी पिना बोटांत बसेनात, सवय मोडली होती. एफ.वाय.च्या नव्या पोरी स्पाइक्स बांधत होत्या, त्यातल्या दोघींनी कॉलेजची एकही शर्यत अजून पाहिली नव्हती. मी 18:20 ला आले, चौथी. संघात निवड झाली नाही.

एसटीत बसले तेव्हा पाटणचा फोन आला. मागं बाळ रडत होतं. निवड झाली का, असं तिनं विचारलंच नाही.

"टायमिंग सांग आधी."

"अठरा वीस."

क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे लॅपला 88."