पगार असलेल्या बायका

ठाणे, रविवार रात्र

दुपारी घोडबंदर रोडला मावशीकडे गेले होते. तिच्या सोसायटीमागच्या बंगल्यात कुठल्याशा मालिकेचं शूटिंग चालू होतं. आपल्याकडे त्यात नवल काही नाही. कितीतरी मराठी मालिकांतली घरं, मग ती गोष्टीत कोल्हापूरची असोत की पुण्याची, प्रत्यक्षात इथेच घोडबंदरच्या आसपास असतात. गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत एक मुलगी बसली होती. अंगावर पैठणी, नाकात नथ, हातभर हिरवा चुडा आणि पायात रबरी चपला. मांडीवर संवादांचे कागद. ओठ सारखे हलत होते. बाजूच्या कपातल्या चहावर साय धरली होती, पण तिचं लक्षच नव्हतं. बारा-बारा तासांच्या शिफ्ट असतात यांच्या. आणि इतकी राबणारी ही मुलगी पडद्यावर बहुतेक दिवाणखान्यात उभी राहून कुणाचं तरी कारस्थान सहन करत असणार. परत येताना तेच डोक्यात घोळत राहिलं.

माझ्या मनात घर करून राहिलेली पात्रं आठवायला लागले, तर पहिली आली ती 'आभाळमाया'तली सुधा जोशी. 1999 साल, तेव्हाची अल्फा मराठी वाहिनी. सुकन्या कुलकर्णींची सुधा कॉलेजात शिकवायची. नवरा शरद म्हणजे मनोज जोशी. त्याच्या आयुष्यात दुसरी बाई येते, संसार हादरतो, आणि सुधा तरीही पर्स खांद्याला लावून कामावर जाते. माझी आई तेव्हा रोज ठाण्याहून मंत्रालयात जायची. घरी आल्यावर टीव्हीसमोर बसून भाजी निवडायची, तेवढीच तिची विश्रांती. सुधा आणि शरदचं काही निघालं की मेथीच्या जुडीवरचा तिचा हात थांबायचा. आम्हा पोरांना बोलायची बंदी. एकदा भाग संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "हिला स्वतःचा पगार आहे, म्हणून बरं." बाबा शेजारीच पेपर वाचत होते. ते काही बोलले नाहीत, आईही पुढे काही बोलली नाही. पानं खुडत राहिली. तिनं स्वतःच्या आयुष्याबद्दल मला कधी फारसं सांगितलं नाही, पण त्या एका वाक्यातून मला बरंच कळलं. देवकी पंडितांच्या आवाजातलं शीर्षकगीत आजही कुठे कानावर पडलं की मला आधी मेथीचा वास येतो.

त्याआधी दूरदर्शनवर 'दामिनी' होती. प्रतीक्षा लोणकरांची पत्रकार. मग 'वादळवाट'मधली आदिती सारंगधरची वकील रमा चौधरी. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिकासुद्धा मला खरी आवडायला लागली ती तिनं मसाल्यांचा धंदा उभा केल्यावर. त्याआधी ती नुसती गुरुनाथची फसवली गेलेली बायको होती. मसाले आले आणि तिला बोलायला स्वतःचे विषय मिळाले: माल, ऑर्डर, हिशेब. अनिता दातेच्या चेहऱ्यावरही काय तेज आलं होतं तेव्हा! आज सगळ्या एका माळेत ओवून बघितल्या तर दिसतं, मला आवडलेल्या प्रत्येकीला नवरा-सासू सोडून दुसरं काहीतरी काम होतं.

सासूबाईंना जेवताना हे सांगितलं. त्यांना अजिबात पटलं नाही. त्या वेंगुर्ल्याच्या, त्यांचं पात्र एकच, अण्णा नाईक. 'रात्रीस खेळ चाले'मधला सावंतवाडीजवळच्या आकेरीचा तो वाडा टीव्हीवर दिसला की त्या चष्मा पुसून बसायच्या. मी म्हटलं, "आई, पण तो माणूस तर वाईट." त्यावर त्या म्हणाल्या, "असलो एक माणूस आमच्या वाडीत पण होतो." आणि मग त्या माणसाची गोष्ट सांगत बसल्या, आमटी थंड झाली तरी. माधव अभ्यंकरांनी अण्णांची ती नजर अशी काही उभी केली होती की सासूबाईंना साठ वर्षांपूर्वीचं भय जसंच्या तसं आठवलं. माझं म्हणणं अण्णांना लागू पडत नाही, हे कबूल. भीतीनं लक्षात राहणाऱ्यांचा हिशेब वेगळा.

आणि आबा टिपरे? ते तर निवृत्त. नोकरी नाही, धंदा नाही, मुलगा-सून-नातवंडांच्या घरातला म्हातारा. तरी 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा माझ्या मनात सुधाच्या बरोबरीनं आहेत. त्यांचं काम बघण्याचं होतं. शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका यांच्याकडे ते ज्या मायेनं आणि बारकाईनं बघायचे, तसं बघणारं माणूस घरात असणं हे भाग्य. दिलीप प्रभावळकरांनी हे आबा पन्नाशी ओलांडल्यावर केले, आणि त्याच्या कितीतरी आधी त्यांनीच दूरदर्शनवर चिमणराव केला होता, बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊसोबत. तो धांदरट चिमणराव आणि हे शांत आबा, दोन्ही एकाच चेहऱ्यातून निघाले! आबांच्या पाठीचा तो किंचित बाक, बोलण्याआधीचं ते क्षणभर थांबणं. माझे आजोबा मी पाहिलेच नाहीत. आजोबा कसे असतात, ते मला आबांकडून कळलं.

लेक म्हणते, हल्लीच्या मालिका बघू नकोस मग. पण मला बघायच्या आहेत. पोळीभाजी केंद्र चालवणारी, पहाटे चारला कणीक तिंबणारी बाई मला मुख्य भूमिकेत बघायची आहे. सिव्हिल हॉस्पिटलातली रात्रपाळीची नर्स. लोकल गाडीत चौथ्या सीटवर टेकून फाइल वाचणारी माझ्या आईसारखी क्लार्क. आज बंगल्याबाहेर दिसलेल्या त्या पैठणीवाल्या मुलीला यातली एखादी भूमिका मिळाली, तर मी रोज साडेसातला सगळी कामं टाकून बसेन, आणि सासूबाईंनाही बसवेन.