खांडसवरून भीमाशंकर: श्रावणातली गणेश घाटाची वाट

पायथ्याचं खांडस गाव सोडलं की पुलाजवळ वाट फुटते. डावी शिडी घाटाची, उजवी गणेश घाटाची. श्रावणात आम्ही उजवीच धरतो. शिडी घाटाने वेळ वाचतो खरा, पण लोखंडी शिड्या ओल्या, मधला कातळ शेवाळलेला, आणि सोमवारी चढणारे-उतरणारे एकाच शिडीवर खोळंबतात. उतरायला तर ती वाट नकोच. पुढची पायरी पायाखाली दिसत नाही.

गणेश घाट लांबचा, पण दमाने चढता येतो. पहाटे निघावं, माणशी दोन लिटर पाणी घ्यावं. गुळगुळीत तळाच्या चपला घरीच ठेवाव्यात. अनवाणी चालायचा नेम असेल तर निदान काठी तरी हवीच. पदरगड डोळ्यांसमोर ठेवत गणपतीच्या देवळाशी आलं की पहिला विसावा. पुढच्या पठारावर दोन्ही वाटा मिळतात आणि धुकं दगा देतं तेही इथेच. गुरांच्या वाटा खऱ्या वाटेपेक्षा रुंद दिसतात. अशा वेळी जागीच थांबायचं. मागून ‘हर हर महादेव’ ऐकू आलं की त्या जथ्याबरोबर निघायचं.

पठारानंतरच्या चढावर झाडी पालटते. खालचे साग-ऐन मागे पडतात. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा दाटतात. आता मान वर. फांद्यांच्या बारीक टोकांशी काटक्या-पानांचे गोळे दिसतील, ती शेकरूची, म्हणजे मोठ्या खारीची घरटी. टोकाशी अशासाठी की जड शिकाऱ्याचा भार ती फांदी पेलत नाही. एकेक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, म्हणून घरटी मोजून शेकरं मोजू नयेत. ते सहसा जमिनीवर उतरत नाही, झाडावरून झाडावर झेपावतं. त्यामुळे मधली दोन झाडं तोडली तरी त्याचा रस्ता तुटतो. १९८५ साली अभयारण्य झालं ते मुख्यतः याच्यासाठी.

भीमाशंकराच्या देवळाचं शिखर नाना फडणवीसांच्या काळातलं. समोरची भली मोठी घंटा मात्र पोर्तुगीज. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी ती इथे वाहिली. दर्शनाच्या रांगेत बहुतेकांची तिच्याकडे पाठच असते!

मुक्काम असेल तर रात्री आवारातच, झाडीच्या कडेला, विजेरी विझवून पाच-दहा मिनिटं उभं राहावं. नजर अंधाराला सरावली की भिजून कुजलेल्या काटक्यांवरची बुरशी कधीकधी फिकट हिरवी उजळलेली दिसते. काटकी उचलून घरी नेऊ नये. लाकूड सुकलं की तो उजेडही जातो.