ठकीचे थांबे

आमच्या सकाळच्या फेरीचे अंतर जेमतेम दीड किलोमीटर आहे. एकटा चाललो तर ती वीस मिनिटांत संपते, ठकी बरोबर असली की पन्नास मिनिटे लागतात. मधली तीस मिनिटे कुठे जातात, एवढेच आज लिहायचे आहे.

ठकी ही आमची कुत्री. वय नऊ, जात कोणतीच सांगता येणार नाही, एक कान उभा आणि दुसरा कायमचा पडलेला. ती घरी आली तेव्हा चालणे हा माझ्या लेखी व्यायाम होता आणि मनगटावरचे घड्याळ माझी पावले मोजत असे. दिवसाला दहा हजार पावले हा आकडा मी औषधाच्या मात्रेसारखा पाळत होतो. (१९६५ मध्ये जपानात विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकाचे नावच ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’, असे होते आणि हा आकडा तिथून जगभर पसरला, हे मला फार उशिरा कळले.) ठकीला आकड्यांशी काहीच कर्तव्य नव्हते. दर वीस-पंचवीस पावलांवर ती पाय रोवून उभी राही, मान खाली घाली आणि दोरी ताणली गेली तरी हलत नसे. एकदा कामावर जायची घाई होती म्हणून मी तिला एका दिव्याच्या खांबापासून जरा जोरातच ओढले, तेव्हा ती आधी खाली बसली आणि मग रस्त्याच्या मधोमध चक्क आडवी झाली. मागून येणारे एक वयस्कर गृहस्थ क्षणभर थांबले, आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, “अहो, तिचं वाचून व्हायचंय अजून.”

त्या वाक्याने मी ओशाळलो आणि त्याच रात्री कुत्र्याच्या नाकाविषयी मिळेल ते वाचून काढले. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या १० कोटींहून अधिक असतात आणि काही जातींत ३० कोटींपर्यंत जातात. हुंगताना कुत्रा सेकंदाला सुमारे पाच वेळा हवा आत ओढतो आणि उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून मागच्या बाजूला सोडतो, त्यामुळे बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या वासावर पाणी फिरवत नाही. म्हणजे ठकी खांबापाशी उभी असते तेव्हा इथून कोण गेले, केव्हा गेले, ते ओळखीचे होते की परके, याचा ती तपास करत असते, आणि मी तो तपास रोज अर्ध्यावर थांबवत होतो. दुसऱ्या दिवसापासून मी दोरी सैल सोडली.

दोरी सैल सोडली खरी, पण तिचे हुंगणे चालू असताना आपण करायचे काय, हा प्रश्न उरलाच. सुरुवातीला मी फोन काढत असे. मात्र एका हातात दोरी, दुसऱ्या हातात तिची घाण उचलण्याची पिशवी, अशा स्थितीत फोन सांभाळणे फार काळ जमले नाही. मग पाहण्यासाठी समोर जे असेल तेच उरले, आणि ते बहुतेक वेळा जमिनीच्या आसपास असे, कारण ठकीचे सगळे थांबे तिथेच असतात.

पहिला थांबा वळणावरच्या हरळीचा. पहाटे हरळीच्या प्रत्येक पात्याच्या टोकावर एकेक टपोरा थेंब असतो, आणि मी जन्मभर त्याला दव समजत आलो होतो. तीन-चार सकाळी तिथे उभे राहिल्यावर मला त्यात काहीतरी खटकू लागले. दव हवेतल्या बाष्पापासून होते. रात्री उष्णता गमावून थंड झालेल्या कोणत्याही पृष्ठभागावर ते जमते, म्हणून ते पात्यावर सगळीकडे बारीक कणांनी पसरलेले दिसायला हवे, आणि उभ्या गाडीच्या टपावर ते तसेच पसरलेले होतेही. मग गवतावर मात्र नेमके टोकालाच थेंब का? उत्तर असे की तो थेंब बहुधा दवाचा नसतोच, गवतानेच तो बाहेर टाकलेला असतो. रात्री पानांवरची रंध्रे मिटतात आणि त्यांतून वाफ होऊन जाणारे पाणी थांबते, मुळे मात्र ओल्या मातीतून पाणी ओढतच राहतात, आणि आतला दाब वाढला की जादा पाणी पात्याच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर येते. ऊन चढेपर्यंत हा ऐवज तिथे टिकतो. आता मी रोज वाकून पाहतो, आणि पाऊस होऊन गेलेल्या रात्रीनंतरचे थेंब मोठे असतात की मला तसे वाटते, यावर माझा माझ्याशीच वाद चालू आहे. ठकी तोवर त्याच हरळीत नाक खुपसून मिशा ओल्या करून घेते.

पुढे एका मोकळ्या प्लॉटच्या कडेला कोरड्या मातीत वाटीएवढे पाच-सहा खळगे दिसत असत. ठकी ते एकेक करून हुंगायची. कुणीतरी खेळताना केले असतील असे समजून मी दुर्लक्ष केले होते, पण एक दिवस आम्ही जरा उशिरा निघालो आणि ते खळगे भरलेले सापडले. प्रत्येकात एक चिमणी बसली होती, पंख फडफडवून अंगावर धूळ उडवून घेत होती आणि शेजारणीने जास्त जागा घेतली की तिला चोच मारत होती. पिसांतले जादा तेल आणि बारीक किडे यांचा बंदोबस्त करण्यासाठी चिमण्या असे धूलिस्नान करतात. ठकी त्या दिवशी हुंगायला पुढे गेली नाही, माझ्या पायाशी बसून राहिली. ती सभ्यता होती की गोंधळ, मला सांगता येणार नाही.

फाटकाच्या दोन खांबांमधले चाकासारखे कोळ्याचे जाळे हे माझे खास ठिकाण आहे, ठकीला त्यात रस नाही. असे गोल जाळे विणणारे अनेक कोळी जुने जाळे खाऊन टाकतात आणि त्याच द्रव्यातून नवे विणतात, त्यामुळे कालचे फाटके जाळे आज पुन्हा कोरे करकरीत दिसते. कावळ्यांचा आणि आमचा संबंध मात्र फारसा गोडीचा नाही. घरट्याखालून रोज जाणारी ही जोडी त्यांनी पक्की लक्षात ठेवली आहे, आणि कावळे माणसांचे चेहरे ओळखतात हे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन मार्झलफ यांनी मुखवटे वापरून दाखवून दिलेले असल्यामुळे हा केवळ माझ्या मनाचा खेळ आहे असेही म्हणता येत नाही.

ठकीमुळे आणखी एक गोष्ट घडली, ती म्हणजे वेळ पक्की झाली. ती मला रोज एकाच वेळी उठवते, सुट्टी असो वा नसो, आणि रोज एकाच वेळी एकाच गल्लीतून वर पाहू लागल्यावर मला चंद्र कळू लागला. चंद्र दररोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि तेवढाच उशिरा मावळतो, हे शाळेत पाठ केले होते. पण पौर्णिमेनंतरच्या पहाटे तो पश्चिमेला घरांच्या गच्च्यांना टेकलेला, चार दिवसांनी त्याच वेळेला बराच वर आणि एका बाजूने झिजलेला, पुढे मध्यावर अर्धा, आणि शेवटी पूर्वेला उजाडत्या आकाशात नखाएवढा, हा प्रवास मी चाळिशी उलटल्यावर प्रथमच ओळीने पाहिला. अमावास्येला मान वर करूनही काही दिसत नाही, तेव्हा चुकल्यासारखे होते.

पावसाळी हवेत ठकी चालायचे थांबवून नाक वर धरते, आणि तेव्हा मी छत्री घेण्यासाठी मागे वळलेले बरे. मातीला आलेला तो वास मला येईपर्यंत तिचे अर्धे काम उरकलेले असते. आपल्याकडे त्याला मृद्गंध असा देखणा शब्द आहे. इंग्रजीत ‘पेट्रिकोर’ हा शब्द आला तो १९६४ मध्ये, इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांच्या लेखातून. कोरड्या काळात दगडमातीत मुरलेली वनस्पतींची तेले आणि मातीतल्या जीवाणूंनी तयार केलेले ‘जिओस्मिन’ नावाचे द्रव्य, असे दोन्ही मिळून तो वास होतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने थेंब टिपले, तेव्हा मातीवर आपटलेल्या थेंबाखाली अडकलेली हवा बारीक बुडबुड्यांनी वर येते आणि फुटताना सूक्ष्म तुषार उडवते, असे दिसले. हलक्या पावसात हे तुषार जोराच्या पावसापेक्षा अधिक उडतात. मुसळधार पावसापेक्षा पहिल्या चार थेंबांना वास जास्त का येतो, या माझ्या जुन्या शंकेचे उत्तर मला असे एका कुत्रीच्या मागे उभे राहून मिळाले. भिजल्यावर ती दारात येऊन अंग झाडते आणि पाण्याचा बराचसा वाटा माझ्या विजारीला देते, हे ओघाने आलेच.

माणसांविषयी थोडक्यात सांगतो, कारण सकाळची माणसे मुळातच थोडक्यात बोलतात. या गल्लीत माझे नाव फार कुणाला ठाऊक नाही, मी ‘ठकीचे बाबा’ आहे. ‘वाचून व्हायचंय’ म्हणणारे ते काका अजूनही भेटतात, आधी तिची विचारपूस करतात आणि मग माझी. एक लहान मुलगी शाळेच्या गाडीची वाट पाहत उभी असते आणि रोज ठकीच्या पडलेल्या कानाला हात लावून तो उभा राहतो का ते तपासते.

आता ठकीच्या तोंडावरचे केस पांढरे होऊ लागले आहेत आणि पन्नास मिनिटांची पंचावन्न झाली आहेत. घड्याळ मी कधीच खणात ठेवून दिले. बहुतेक थांब्यांचे कारण मला आता समजते किंवा समजल्यासारखे वाटते, एक मात्र अजून समजलेला नाही. शेवटच्या वळणाआधी एक साधी सिमेंटची भिंत आहे. तिथे झाड नाही, खांब नाही, गटार नाही, मुंग्यांची रांगसुद्धा नाही. पण तिच्या खालच्या कोपऱ्यापाशी ठकी गेली कित्येक वर्षे न चुकता थांबते आणि डोळे अर्धवट मिटून सावकाश हुंगते. मी तिथे वाकून पाहिले आहे, दगड बाजूला करून पाहिले आहे, आणि आसपास कुणी नाही याची खात्री करून एकदा नाकही लावून पाहिले आहे. मला फक्त सिमेंटचा वास आला. आज सकाळीही आम्ही तिथे दोन मिनिटे उभे होतो.