आईचं गोंदण

बुधवार, रात्री

आज दुसऱ्या वर्षाच्या वर्गात विल्यम जॉन्सनच्या पुस्तकातली छायाचित्रं पडद्यावर लावली. मुंबई सरकारच्या नोकरीतला हा छायाचित्रकार. मुंबईत राहणाऱ्या आणि ये-जा करणाऱ्या ‘जातीजमातीं’चे दोन खंड त्याने १८६३ आणि १८६६ साली काढले. मुलांनी आधी पागोटी पाहिली, दागिने पाहिले. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, यांचे पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटत नाहीत.” अगदी बरोबर पकडलं तिने. माणसं एकीकडे टिपलेली, मागचं दृश्य दुसरीकडचं, छापताना दोन्ही जोडलेलं. छायाचित्रणाचा शोध जाहीर होऊन पहिल्या खंडाच्या वेळी जेमतेम २४ वर्षं झाली होती! आणि चित्राखाली बहुतेक ठिकाणी माणसाचं नाव नाही, समाजाचं.

मग मी आईचा फोटो दाखवला. दाखवू की नको, असं सकाळपासून चाललं होतं.

रविवारी गावी तुळशीपाशी काढलेला. नऊवारीतली आई, छान ऊन. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “माझं गोंदण कुठं गेलं गं?” हनुवटीवरचा हिरवा ठिपका. ती लहान असताना आजीने गोंदवून घेतलेला. सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगती येतं, असं आई नेहमी सांगते. फोनने तो ठिपका डाग समजून पुसून टाकला होता. सुरकुत्याही पुसल्या, पण त्यांचं तिने काही विचारलं नाही.

चेहरा ‘सुधारण्याची’ ती सोय बंद करायचं मला सुचलं नाही, याचं वाईट वाटतंय. जॉन्सनने निदान चेहरे तसेच ठेवले होते. डाग कोणता नि खूण कोणती, हे या यंत्राला कुणी शिकवलं? ज्यांनी शिकवलं, त्यांनी गोंदलेली हनुवटी कधी जवळून पाहिली नसावी.

वर्ग गप्प होता. तास संपल्यावर तीच मुलगी थांबली. म्हणाली, तीन वर्षांच्या सेल्फींमध्ये स्वतःच्या खऱ्या रंगाचा एकही सापडत नाहीये. आम्ही दोघींनी तिचा फोन चाळला. शेवटी एक सापडला, आतेभावाच्या हळदीतला, दुसऱ्याच कुणीतरी काढलेला.

शनिवारी पुन्हा गावी जातेय. फिल्मचा कॅमेरा नेणार आहे. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, “त्यात दिसंल का गं नक्की?”

दिसेल, म्हटलं.