दसऱ्यानंतरचा रविवार

रविवार, रात्री 10.40

ओट्याचा वास अजून गेलेला नाही. दोनदा घासला.

नर्सिंगचे क्लास सुरू व्हायला 15 दिवस उरले. माझी बारावी आर्ट्सची, तीही 12 वर्षांपूर्वीची. वणीला जाताना म्हसरूळला आरोग्य विद्यापीठाची पाटी दर वेळी वाचायचे, पण ती दुसऱ्यांसाठी आहे असंच वाटायचं. आता रोज रात्री भांडी झाली की ॲनाटॉमी उघडते. पुस्तक ओळखीच्या मुलीचं. तिने पान अन् पान पिवळं करून ठेवलंय, फक्त किडनीचा धडा कोरा. म्हणजे तो तिनेही सोडलाच असणार.

हाडं 206, ती जमतील. अडलं हृदयाशी. शाळेत कर्णिका आणि जवनिका पाठ केलेलं, इथे एट्रियम आणि व्हेंट्रिकल. त्यात पुस्तकातलं डावं म्हणजे पेशंटचं डावं, आपलं नव्हे. चार दिवस रक्त नुसतं उलटसुलट फिरत होतं डोक्यात.

म्हणून आज मटण आणायला मीच गेले. नवरात्रातले उपास सुटलेले, दुकानात ही रांग! म्हटलं, कलेजीबरोबर एक दिल द्या, अख्खं, चिरू नका. त्याने वर बघितलं, पण दिलं.

नळाखाली धरलं तर आतून काळ्या गुठळ्या निघाल्या. दिल माझ्या मुठीपेक्षा जरा लहान. बोटांनी चेपलं आणि डावं-उजवं तिथेच सुटलं! एक बाजू लिबलिबीत, दुसरी घट्ट. घट्ट ती डावी. उजवीला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच रक्त ढकलायचं असतं, डावीला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. माणसाचं एका ठोक्याला साधारण 70 मिलि, मिनिटाला 72 ठोके. म्हणजे दर मिनिटाला तेलाचा पाच लिटरचा डबा रिकामा.

मग महाधमनीचं तोंड वर धरून चमच्याने पाणी ओतलं. खाली तीन इवलेसे द्रोण फुगले आणि एकमेकांना चिकटून बसले. लब-डबमधला ‘डब’ तो हा, हे द्रोण मिटतानाचा. पण पाणी हळूहळू उतरायला लागलं. वाटलं, माझ्याच नखाने झडप फाटली. बॅटरी मारून पाहिलं तर द्रोण शाबूत, पाणी त्यांच्या जरा वरच्या दोन बारीक भोकांतून जात होतं. कोरोनरी! हृदय सगळ्यांना रक्त पुरवतं, आणि त्याचा स्वतःचा वाटा इथून निघतो, अगदी दारातूनच.

सासूबाई मागे येऊन उभ्या. “अगं, हे शिजवायचंय का शिकायचंय?”

नाना मात्र खुर्ची ओढून बसले. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तनळीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळी, टाकली, तेव्हा डॉक्टरांनी कागदाच्या पाठीमागे चित्र काढून समजावलं होतं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बाहेर येऊन एकमेकांना विचारलं, नक्की कुठे टाकणार म्हणाले? आज मी काडेपेटीतली काडी त्या भोकात घातली आणि समोरच्या चरबीतून खाली उतरणारी नळी बोटाने दाखवली. म्हटलं, तुमची साधारण इथे.

त्यांनी चष्मा वर केला. “एवढीशी?”

“एवढीशीच. तुमची थोडी मोठी.”

“आणि त्याच्यासाठी आपण गाय विकली,” एवढं म्हणून ते हात धुवायला गेले.

दिल शेवटी कलेजीतच पडलं. पोरांनी ओळखलंही नाही. नानांनी ताटात आलेला तुकडा बाजूला काढून ठेवला आणि रस्सा-भाकरी खाल्ली.

उद्यापासून किडनी. गुर्दा आणला तर सासूबाई घरात घेतील असं वाटत नाही.