गवसणीचं माप

आईच्या तंबोऱ्याची गवसणी, म्हणजे त्याची खोळ, जुन्या इरकल लुगड्याची होती. आत गोधडीसारखे थर, तोंडाशी नाडी, आणि भोपळ्याच्या बाजूला एक ठिगळ, कारण लुगडं तिथेच विरलेलं होतं. ती तिनं स्वतः शिवली होती. तंबोरा सतरंजीवर आडवा ठेवून, भोपळ्याभोवती टेप फिरवत, तोंडात टाचण्या धरून. तंबोरा मिरजेचा. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात वाढतो आणि वेलीवर जसा फुगेल तसा फुगतो. दोन तंबोरे तंतोतंत सारखे नसतात, म्हणून गवसणी तयार मिळायची नाही. आकाशाला गवसणी घालणं हे अशक्य काम आपण का मानतो, ते मला आईला त्या सतरंजीवर रांगताना बघून कळलं होतं. अडचण उंचीची नाही. आकाश माप घेऊ देत नाही, ही अडचण आहे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे चिरंजीवांचा फोन. नोकरीसाठी बंगळूरला गेला तेव्हा दोन बॅगा आणि प्रेशर कुकर घेऊन गेला. गिटार डोंबिवलीत कपाटाच्या आणि भिंतीच्या मध्ये उभी राहिली. चार महिन्यांनी करमेना. "आई, दिवाळीला आलो की गिटार घेऊन जाईन. पण ती कापडी बॅग नको हं. एक हार्ड केस घेऊन ठेवशील?"

"केस कोणाविरुद्ध?" नवऱ्यानं पेपरातून डोकं न काढता विचारलं. मी म्हटलं, आपण मराठीत पेटी म्हणू. तर शेजारच्या काकूंनी आनंदानं विचारलं, "अय्या, पेटी शिकणार? माझी भाची शिकवते." आपल्याकडे पेटी म्हणजे हार्मोनियम. गिटारची पेटी म्हटलं की ऐकणाऱ्याला दोन वाद्यं दिसतात. शेवटी केसच म्हणायचं ठरलं.

खरेदी मी अगदी पद्धतशीर केली, म्हणजे चुकीची केली. गिटारची लांबी मोजली. डोक्यापासून बुडापर्यंत ४० इंचांच्या किंचित आत. मोबाइलवर शोधलं तर '४१ इंची गिटारसाठी हार्ड केस' अशी ओळीनं चित्रं. एक इंच मोकळा, म्हणजे पोराच्या शाळेच्या गणवेशासारखं वाढत्या मापाचं. मागवली. घरी आली ते खोकं एवढं मोठं होतं की वॉचमननं विचारलं, फ्रिज का? आत काळी केस, काळी मखमल, चकचकीत कड्या. गिटार आत ठेवली, झाकण बसलं, कड्या लागल्या. मी केस उचलली आणि आतून आवाज आला. टक.

परत हलवलं. टक.

मग मी ते केलं जे आधी करायला हवं होतं. शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि गिटारचं ब्लाऊजसारखं माप घेतलं. गिटारला खांदे आहेत, कंबर आहे, खाली रुंद घेर आहे. आणि माप सांगायचं तर नुसती उंची सांगून कोण शिंप्याकडे जातं? आमच्या गिटारचा खालचा भाग १५ इंच रुंद, कंबर साडेनऊच्या आत आणि पोटाची खोली ४ इंचांच्या आसपास. केसमधला खळगा मात्र खाली जवळजवळ १६, कंबरेला ११ आणि खोल पाच. लांबीत फरक जेमतेम. बाकी सगळीकडे ढगळ. गिटार आत बसत नव्हती, बुडत होती.

रात्री फोनवर चिरंजीवांनी ज्ञान दिलं. "अगं, ती केस ड्रेडनॉटची आहे. माझी ओएम आहे." आता ड्रेडनॉट हे नाव एका युद्धनौकेचं. १९०६ साली ब्रिटिश आरमारात दाखल झालेली, तेव्हाच्या सगळ्या युद्धनौकांपेक्षा थोराड. पुढे १९१६ च्या सुमाराला अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं डिटसन नावाच्या दुकानासाठी एक रुंद कंबरेची, दांडग्या आवाजाची गिटार बनवली, तिला हे नाव मिळालं, आणि १९३१ पासून मार्टिननं ती स्वतःच्या नावानं विकायला घेतली. आज नुसतं 'गिटार' म्हटलं की दुकानदाराच्या डोळ्यांसमोर बहुधा हीच येते, म्हणून केसही तिच्याच मापाच्या ढिगानं मिळतात. ओएम म्हणजे ऑर्केस्ट्रा मॉडेल. लांबीला जवळपास तेवढीच, पण कंबरेला बारीक आणि पोटानं सपाट. एका घरातल्या दोन बहिणी, एकीचा ब्लाऊज दुसरीला घातला तर जे होईल ते झालं होतं.

मी पंचे कोंबून पाहिले. कंबरेशी एक, पोटाखाली एक. आवाज थांबला. मोठ्या समाधानानं केस उचलून दिवाणावर ठेवायला गेले आणि कड्या लावायच्या राहिल्या आहेत हे विसरले. एखाददुसरी नव्हे, पाचही उघड्या होत्या. झाकण जबड्यासारखं उघडलं आणि गिटार पंच्यांसकट फरशीवर आली. आवाज असा झाला की सहाही तारा एकदम ओरडल्या. खालच्या कडेचा गव्हाच्या दाण्याएवढा टवका गेला. नवऱ्यानं पेपरातून डोकं काढलं, एवढं ते गंभीर होतं.

दुसऱ्या दिवशी मी ब्याद परत करायला निघाले तर मुदत संपलेली. मग जखमी गिटार तिच्या कापडी बॅगेत घालून, दुपारच्या रिकाम्या लोकलनं मुंबईला. धोबी तलाव.

धोबी तलावला वाद्यांसाठी जाण्यात एक परंपरा आहे. तिथल्या जेर महाल इमारतीत गोवेकरांचे कूड. एकेका गावाच्या मंडळानं चालवलेल्या मोठ्या खोल्या, जिथे बोटीवर चढणारे खलाशी आणि बँडमध्ये वाजवणारे गावकरी थोडक्या पैशांत उतरायचे. भिंतीशी देव्हारा, आणि रांगेनं लोखंडी ट्रंका. माणसाचा सगळा संसार त्या एका ट्रंकेत, आणि ट्रंकेवर व्हायोलिन. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात जे गोवेकर वादक पिढ्यान्‌पिढ्या बसले, त्यांच्यातले कितीतरी या वस्तीतून गेलेले. वस्तूला तिची पेटी असावी, हे ज्यांना कोणी शिकवावं लागत नाही अशा लोकांचा हा भाग.

गल्लीतल्या एका छोट्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ व्हायोलिनची घोडी, म्हणजे तारांखालचा लाकडी तुकडा, तासत बसले होते. मी म्हटलं, या गिटारला केस हवी. त्यांनी मापं विचारली नाहीत. गिटार घेतली, टवक्यावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाय, कडी लावली नव्हती ना?"

मी गप्प.

"झाकण मिटलं की कडी लागलीच पाहिजे. लावायची नसेल तर झाकण उघडंच ठेवायचं. मधलं काही नाही." माझ्यासारखी किती गिटारं त्यांच्याकडे आली असतील ते त्यांनी सांगितलं नाही, दुकानाची भिंत पाहून अंदाज आला.

मग त्यांनी मला दाखवायला सुरुवात केली. मी तंबोऱ्याच्या घरातली, म्हणून माझ्या मनात भाषांतर चालूच होतं: तबली (म्हणजे अंगावरची पातळ फळी), घोडी, दांडी, खुंट्या. त्यांचं म्हणणं असं, की तबली फुटते म्हणून लोक घाबरतात, पण प्रवासात मोडते ती मान. दांडी जिथे संपते आणि डोकं मागे कलायला लागतं, तिथे लाकूड सगळ्यात बारीक. बऱ्याच गिटारांत नेमकं तिथेच आतला लोखंडी गज फिरवायला भोकही पाडलेलं असतं. काही इलेक्ट्रिक गिटारांत हे डोकं १७ अंशांनी मागे झुकलेलं. पुढे खुंट्यांचं लोखंड जड. केस पाठीवर पडली की अंग थांबतं, डोकं थांबत नाही. म्हणून चांगल्या केसमध्ये दांडीखाली उशी असते आणि डोकं अधांतरी असतं, खाली टेकत नाही, वरून दाबलं जात नाही, पुढे भिंतीला लागत नाही. त्यांनी एक केस उघडून डोक्याखाली दोन बोटं घालून दाखवली. "हें मोकळं. हें धरलेलं." धरायचं काय आणि सोडायचं काय, एवढंच.

माझी ४१ इंची खरेदी या कसोटीला कधीच नापास झाली असती. तिच्यात अंग मोकळं होतं आणि डोकं टेकलेलं.

दुकानात प्रकार बरेच होते. फोमवर कापड चढवलेली, हलकी, शिकवणीला न्यायला पुरे. प्लायवूडवर रेक्झिन लावलेली, झाकणाला घुमटासारखा बाक असलेली, कारण बाक असला की वरचा भार कडांवर जातो, मध्ये दबत नाही. प्लास्टिकची साच्यातली. फायबरग्लासची. एक कार्बन फायबरची होती. तिच्या किमतीत एक बरी गिटार आली असती. जुन्या काळी लाकडाच्या सरळ फळ्यांच्या केस असायच्या, त्यांना इंग्रजीत शवपेटीचंच नाव आहे, आणि चित्र पाहिलंत तर नाव चुकलं असं म्हणवत नाही.

आम्ही प्लायवूडवर आलो. म्हाताऱ्यानं तीन केस काढल्या, प्रत्येकीत गिटार ठेवली. पहिलीत झाकण किंचित दाबावं लागलं. मला वाटलं, वा, घट्ट. त्यांनी मान हलवली. दाबून लावलेलं झाकण घोडीवर दाब देतं. आधीच सहा तारांची मिळून ७० किलोंहून जास्त ओढ त्या तबलीवर आहे, त्यात वरून आणखी कशाला? दुसरीत बुडाचं पट्टा अडकवायचं बटण भिंतीला भिडलं. हे बटण मी मापात धरलंच नव्हतं. तिसरीत गिटार बसली. 'बसली' याला दुसरा शब्द नाही. घातली नाही, ठेवली नाही, बसली. त्यांनी पाचही कड्या लावल्या, केस उभी केली, आडवी केली, कानाशी धरून हलवली आणि माझ्या कानाशी धरली. काही नाही.

किंमत ऐकून मात्र मला आवाज आला. गिटार बारा हजारांची, केस सात हजारांची, आणि घरी पडलेली पहिली धरली तर हिशोब विचारूच नका. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पण आईनं त्या तंबोऱ्याच्या गवसणीत जे लुगडं फाडलं होतं, ते तिच्या बाबांनी दिलेलं होतं. ते मी दुकानात उभी असताना का आठवावं कोण जाणे. पैसे दिले.

केस घेऊन परतीची लोकल म्हणजे संध्याकाळचे सहा. त्याबद्दल काही लिहीत नाही. फक्त एवढं सांगते की मसजिदला एका बाईनं तिच्यावर मेथीची जुडी निवडायला घेतली आणि भायखळ्यापर्यंत तिघी सामील झाल्या. बाकदार झाकणावर मेथी नीट राहत नाही.

दिवाळीला चिरंजीव आले. केस उघडली, हुंगली आणि किंचाळले. मी अस्तराला कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकल्या होत्या. मी म्हटलं, आपल्याकडे पावसाळ्यात मखमलीवर बुरशी येते, तुला काय माहीत. त्यानं गोळ्या काढून खिडकीत ठेवल्या आणि मला हवेतल्या दमटपणाचा पाढा म्हणून दाखवला. गिटारला ४५ ते ५५ टक्के मानवतो. डोंबिवलीचा जुलै ८०-९० ला जातो, तबली फुगते, तारा दांडीपासून वर उचलल्या जातात. तिकडे बंगळूरला फेब्रुवारी-मार्चात उलट, कोरडं. बुटांच्या खोक्यातल्या जेलच्या पुड्या पावसात चालतील, उन्हाळ्यात नाही. म्हणून त्यानं दोन्हीकडे सांभाळणारी पाकिटं आणली होती, ओलावा जास्त झाला तर शोषणारी, कमी झाला तर सोडणारी. अशी सून मिळावी, असं मला वाटून गेलं, पण बोलले नाही.

विमानाचा विचार त्यानं सोडून दिला. केस आणि गिटार मिळून सात किलोंच्या घरात, म्हणजे विमानात सामानाला मिळणाऱ्या १५ किलोंतले निम्मे इथेच संपले. शिवाय २००८ साली कॅनडातल्या एका गायकाची गिटार विमानप्रवासात मोडली होती. महिनोन्‌महिने दाद मागून कंटाळल्यावर त्यानं त्यावर गाणं रचलं आणि ते जगभर पाहिलं गेलं. चिरंजीवांचं म्हणणं, मला तेवढी चांगली गाणी सुचत नाहीत. कल्याणहून उद्यान एक्स्प्रेस. तारा दोन सूर उतरवल्या, अगदी सैल नाही. केस खालच्या बर्थखाली सरकवून साखळी-कुलूप लावायचं, अशी योजना.

दुपारी सोलापूरच्या आसपास त्याचा फोटो आला. बर्थवर केस आडवी झोपलेली, वर रेल्वेची चादर. खाली लिहिलं होतं, 'बर्थखाली काकांची आंब्याच्या लोणच्याची बरणी आहे, ती फुटली तर?' हा कुठे बसला होता ते फोटोत नव्हतं.

पहिली केस अजून घरीच आहे, माळ्यावर. कोणाला द्यावी तर कोणाकडे ड्रेडनॉट नाही. पण परवा गणपतीच्या मखराच्या पट्ट्या, दोन समया आणि झिरमिळ्यांची गुंडाळी तिच्यात घालून पाहिली. कंबरेच्या खळग्यात आरतीचं तबक उभं राहतं. पाचही कड्या लावल्या, कानाशी धरून हलवली.

आवाज नाही.