शनिवारचा नमुना

"अहो, झोपेत तुमच्या नाकातून शिट्टी वाजते," असं बायको दोन-तीनदा म्हणाली. मी मनावर घेतलं नाही. नाकात खपल्या धरणं, मधूनच घोळणा फुटणं हे भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या खात्यात बहुतेकांना होतंच. मी तिथे हार्ड क्रोमच्या, म्हणजे धातूच्या भागांवर क्रोमियमचा थर चढवायच्या टाकीवर 17 वर्षं काढली.

नाक-कान-घशाच्या डॉक्टर मॅडमनी उजव्या नाकपुडीत बॅटरी धरली आणि उजेड डावीकडून दिसला. मधल्या पडद्याला हरभऱ्याएवढं भोक पडलं होतं. "क्रोमच्या कामावर आहात का?" त्यांनी लगेच विचारलं. त्याआधी तीन डॉक्टर झाले होते. तुम्ही काम काय करता, हे एकानेही विचारलं नव्हतं. याचा मला आजही राग येतो.

टाकीत लिटरला साधारण 250 ग्रॅम क्रोमिक अ‍ॅसिड असतं, तेही 50-55 अंशांवर तापलेलं. करंट सोडला की जॉबवर, म्हणजे टाकीत सोडलेल्या भागावर हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि फुटताना अ‍ॅसिडचे बारीक तुषार हवेत उडवतात. आम्ही त्याला नुसती 'वाफ' म्हणायचो. त्या वाफेत हेक्सा क्रोम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1990 मध्येच ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. "भोक म्हणजे कर्करोग नव्हे," मॅडम म्हणाल्या, "पण ज्याने नाक जाळलं, ते फुप्फुसातही गेलंय."

घाबरून मी परस्पर एका लॅबमध्ये सगळ्या धातूंचं पॅकेज केलं. नुकताच आठवडाभर मालवणला सासरवाडीला राहून आलो होतो, सोमवारी सकाळी रजेवरूनच लघवी दिली. रिपोर्टमध्ये क्रोमियम अगदी कमी आणि आर्सेनिक भरमसाट! आर्सेनिकमुळे त्वचेचा, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कर्करोग होतो हे वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

मॅडमनी कागद पाहून एवढंच विचारलं, "मासे खाल्ले होते?" रोज दोन वेळा, बांगडे आणि कोळंबी. माशांत आर्सेनिक असतं ते बहुतेक निरुपद्रवी जातीचं, पण साध्या चाचणीत सगळं एकत्रच मोजलं जातं. क्रोमियमचं उलटं झालं होतं. लघवीतलं क्रोमियम गेल्या काही दिवसांचं असतं आणि मी आठवडाभर टाकीजवळ फिरकलोच नव्हतो. म्हणजे ज्याची भीती वाटली ते मासे होते आणि ज्याने धीर दिला ती रजा होती.

दुसऱ्यांदा शनिवारी, आठवड्याची शेवटची शिफ्ट संपल्यावर नमुना दिला. त्याआधी आंघोळ केली, कपडे बदलले, कारण बाहीवरची धूळ डबीत पडली तरी आकडा वाढतो. या वेळी क्रोमियम पहिल्याच्या पाचपट आलं.

पण 17 वर्षांत किती गेलं, हे कुठलीच लघवी सांगत नाही. फुप्फुसाचा कर्करोग व्हायचाच तर बहुधा 15-20 वर्षांनी, कधी त्याहून उशिरा दिसतो, आणि आज एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पुढची हमी मिळत नाही. म्हणून मॅडमनी मला माझा इतिहास लिहून काढायला लावला. कोणत्या साली कोणत्या टाकीवर होतो, दिवसाला किती तास, एक्झॉस्ट कधी बंद पडला, विडी किती ओढली. कारखान्यात हवेच्या तपासणीचे कागद मागितले तेव्हा "तसलं काही ठेवत नाही" म्हणाले. मग मुलीच्या जुन्या वहीत बायकोने लिहून घेतलं, जुन्या पगाराच्या पावत्या शेजारी पसरून. 2011 मध्ये एक्झॉस्टचा पंखा चार महिने बंद होता, हे माझ्याऐवजी तिलाच आठवलं. तेव्हा माझ्या बनियनला पिवळे डाग पडायचे, ते काही केल्या निघत नसत.

ती वही आणि मॅडमची चिठ्ठी मी ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या फाइलला जोडली. क्रोमियममुळे होणारे आजार कायद्यात व्यवसायजन्य रोग, म्हणजे कामामुळे होणारे रोग म्हणून नोंदलेले आहेत, हे मला तिथेच कळलं. दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. विडी त्याच आठवड्यात सोडली, आणि आता मी डिस्पॅचला असतो.

माझ्या टाकीवर 22 वर्षांचा नवा पोरगा आलाय. परवा जेवणाच्या सुट्टीत त्याच्या नाकपुडीशी मोबाईलचा टॉर्च धरला. पलीकडे उजेड दिसला नाही, पण खपली होती. गुरुवारी त्याला मॅडमकडे घेऊन जातोय.